दालचिनीच्या वळकट्या : यंत्राचें काम आणि हाताचें काम

पाव हा पदार्थ महाराष्ट्रांतील घराघरांत पोहोंचला त्यास आतां पुष्कळ काळ लोटला; परंतु तो घरीं करण्याचा प्रघात मात्र आपल्याकडे अद्यापि विरळाच आहे. भाकरी, पोळी, पुरी, घावन हे प्रकार घरोघर सहज होतात; पाव तेवढा बेकरींतून विकत आणावयाचा, असा आपला नेम. ह्याचें कारण पावाची कृति गूढ आहे हें नसून ती दीर्घ आहे हें होय. पोळीची कणीक मळून थोडा वेळ झांकून ठेविली कीं काम भागतें. पावाचें पीठ मात्र पंधरा-वीस मिनिटें चांगलें तिंबावें लागतें, पुढें तासभर उबेंत ठेवावें लागतें, आणि एवढें करूनहि कोठें थोडें चुकलें तर पाव विटेसारखा होतो. म्हणूनच हें काम गोमंतकांतील पदेरांसारख्या पिढीजात कसबी लोकांच्या हातीं राहिलें. आपला 'पाव' हा शब्दहि मुळीं पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. आणि गोमंतकांत पीठ फुगविण्यासाठीं पूर्वीं माडाची सूर घालीत असत, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

हें दीर्घ काम आपल्या अंगावर घेणारें, विजेवर चालणारें एक लहानसें यंत्र गेल्या कांहीं दशकांपासून घरगुती उपयोगासाठीं मिळतें. त्याच्या साह्यानें दालचिनीच्या गोड वळकट्या, म्हणजे ज्यांस 'सिनॅमन रोल' म्हणतात त्या, कशा कराव्या हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. परंतु नुसती कृति सांगून भागणार नाहीं. यंत्र कोणतें काम करतें, कोणतें करीत नाहीं, आणि जें करीत नाहीं तें कोणीं करावयाचें, हा विचार ज्याच्या मनांत स्पष्ट नाहीं त्याच्या हातीं उत्तम यंत्र असूनहि पदार्थ बिघडतो. आणि ज्याच्या मनांत तो स्पष्ट आहे त्याचें यंत्रावांचूनहि अडत नाहीं.

पदार्थाचें स्वरूप

ज्यांनीं हा पदार्थ पाहिला नसेल त्यांनीं अळूवडी किंवा बाकरवडी डोळ्यांपुढें आणावी. अळूच्या पानांवर पीठ पसरून त्यांची गुंडाळी करतात आणि मग तिचे काप करतात. बाकरवडींतहि लाटलेल्या पोळीवर सारण पसरून ती गुंडाळतात व कापतात. दालचिनीच्या वळकटीची युक्ति नेमकी हीच. फरक इतकाच कीं येथें पोळी यीस्टनें फुगविलेल्या मऊ पिठाची असते, सारण लोणी, साखर व दालचिनी ह्यांचें असतें, आणि काप तळावयाचे नसून भट्टींत भाजावयाचे असतात. प्रत्येक कापावर शंखाच्या वेढ्यांसारखी तपकिरी रेघ उठते, आणि तीच ह्या पदार्थाची शोभा.

उत्तर युरोपांत ह्या वळकट्या विशेष प्रिय आहेत. स्वीडन देशांत त्यांस 'कानेलबुल्ले' म्हणतात आणि तेथें १९९९ सालापासून दर वर्षीं ४ ऑक्टोबर हा दिवस ह्या पदार्थाच्या नांवानें पाळला जातो. स्वीडिश लोक पिठांत वेलदोड्याची भरड पूड घालतात, ही गोष्ट आपल्या जिभेस परकी वाटणार नाहीं. अमेरिकेंत वेलदोडा घालीत नाहींत; तेथें वळकट्या मोठ्या आणि अधिक मऊ करतात, व भाजून झाल्यावर त्यांवर साखरेचा पातळ लेप देतात. पुढें दिलेली कृति बहुतांशीं ह्या दुसऱ्या प्रकारची आहे. वेलदोडा आवडणाऱ्यांनीं तो अवश्य घालावा.

यंत्राची हकीकत

हें यंत्र कसें सिद्ध झालें ती हकीकत विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जपानांतील ओसाका येथील मात्सुशिता ह्या विजेच्या वस्तु करणाऱ्या कंपनीचे लोक १९८५ सालीं घरगुती पावाचें यंत्र बनविण्याच्या खटपटींत होते. यंत्र तयार झालें, पण पाव साधेना. वरचें कवच करपे आणि आंतील भाग कच्चा राही. यंत्रानें मळलेलें पीठ व कसबी माणसानें मळलेलें पीठ ह्यांचीं क्ष-किरणांनीं छायाचित्रें काढून तींहि ताडून पाहिलीं. तथापि उलगडा होईना.

तेव्हां इकुको तानाका नांवाच्या त्या कंपनींतील बाईंनीं एक वेगळा मार्ग सुचविला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव त्या शहरांत सर्वोत्तम गणला जाई. त्या हॉटेलांतील मुख्य पाववाल्याकडे त्या स्वतः उमेदवारी करूं लागल्या. एके दिवशीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं तो गृहस्थ पीठ नुसतें दाबीत नाहीं. तें एका विशिष्ट रीतीनें ताणतो व पिळतो. ही गोष्ट त्यानें कोणास कधीं सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हें त्यासहि ठाऊक नसावें. ती त्याच्या हातांत होती. पुढें सुमारें वर्षभर इंजिनियर मंडळींबरोबर प्रयोग करून भांड्याच्या आंतल्या अंगास उंचवट्याच्या पट्ट्या बसविण्यांत आल्या. पातें फिरूं लागलें म्हणजे पीठ त्या पट्ट्यांस अडखळतें, ताणलें जातें व पिळलें जातें. १९८७ सालीं हें यंत्र बाजारांत आलें आणि पहिल्याच वर्षीं त्याचा मोठा खप झाला. इकुजिरो नोनाका ह्या जपानी विद्वानांनीं १९९१ सालच्या एका प्रसिद्ध लेखांत ही हकीकत दिली आहे. तात्पर्य, ज्यास आपण यंत्राची करामत म्हणतों ती मुळांत एका माणसाच्या हाताची करामत होती. कोणी तरी ती शिष्य होऊन पाहिली, म्हणून ती यंत्रांत उतरली.

पिठांत काय घडतें

यंत्राची रचना साधी आहे. एक खोल भांडें, त्याच्या तळाशीं फिरणारें एक पातें, भांड्याभोंवतीं विजेनें तापणारी तार, आणि कोणतें काम किती वेळ करावयाचें हें ठरविणारी कळ, एवढाच सारा संसार. आपणांस ह्यांपैकीं केवळ पीठ मळून फुगविणारी कळ उपयोगी आहे. बहुतेक यंत्रांत ह्या कामास सुमारें दीड तास लागतो. त्यांतील पहिलीं वीस-तीस मिनिटें मळण्याचीं व उरलेला वेळ उबेंत ठेवण्याचा.

मळण्याचें महत्त्व काय? गव्हांत ग्लायडिन आणि ग्लुटेनिन हीं दोन प्रथिनें असतात. पाणी मिळून पीठ मळलें गेलें म्हणजे त्यांचें ग्लुटेन नांवाचें एक चिवट व लवचीक जाळें बनतें. ज्वारी-बाजरींत हें जाळें बनत नाहीं, म्हणून भाकरी लाटतां येत नाहीं, थापावी लागते. यीस्ट हें सूक्ष्म वनस्पतींसारखे वाटणारे परंतु वस्तुतः बुरशीच्या कुळांतील जिवंत जीव होत. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर ह्यांनीं १८५७ ते १८६० च्या सुमारास दाखवून दिलें कीं आंबण्याची क्रिया अशा जिवंत जीवांमुळें होते. हे जीव पिठांतील साखर खाऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायु सोडतात. तो वायु ग्लुटेनच्या जाळ्यांत अडकतो आणि पीठ फुगतें. जाळें कच्चें असेल तर वायु निसटतो; यीस्ट मेलेलें असेल तर वायुच होत नाहीं. पावाचें सारें शास्त्र ह्या दोन वाक्यांत आलें.

यीस्टला २७ ते ३२ अंश सेंटिग्रेड हें उष्णमान मानवतें. ५५ ते ६० अंशांच्या सुमारास तें मरतें. म्हणून कढत दूध कधींहि घालूं नये. उलट पक्षीं, थंड देशांत यंत्राची ऊब ही मोठी सोय असली तरी आपल्याकडे वैशाखांत ती कधीं कधीं जाच होते. स्वयंपाकघरांतच ३४ अंश उष्णता असेल, त्यांत पात्याच्या घर्षणानें पीठ आणखी तापेल, तर तें नेमल्या वेळेपूर्वींच फुगून जातें व आंबूस होतें. अशा दिवसांत दूध कोमट न घेतां थंड घ्यावें आणि पीठ दुप्पट झालें कीं कळ संपण्याची वाट न पाहतां काढून घ्यावें. घड्याळ यंत्रांत आहे. ऋतु यंत्रांत नाहीं.

दालचिनीविषयीं थोडेसें

दालचिनी म्हणजे एका झाडाची आंतली साल. ह्याच कुळांतील एका झाडाचीं पानें आपण तमालपत्र म्हणून वापरतों. खरी दालचिनी मुख्यतः श्रीलंकेंतून येते. आपल्या कोंकणांतहि तिची लागवड होते आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठानें तिची 'कोंकण तेज' नांवाची जात काढिली आहे. बाजारांत मात्र तिच्याच नांवाखालीं कॅशिया नांवाची जाड साल पुष्कळदां मिळते. ओळख सोपी आहे. खऱ्या दालचिनीच्या नळींत कागदासारखे पातळ अनेक पदर एकांत एक असतात व ती बोटांनीं चुरते. कॅशिया ही एकेरी, जाड आणि कठीण असते. कॅशियांत कूमारिन नांवाचें द्रव्य अधिक असतें व तें नित्य फार प्रमाणांत पोटांत गेल्यास यकृतास अपाय संभवतो. म्हणून युरोपीय संघानें २००८ सालच्या नियमान्वयें भट्टींतील पदार्थांत त्याचें प्रमाण ठरवून दिलें आहे. सणावारीं चार वळकट्या खाणाऱ्यानें भिण्याचें कारण नाहीं. पण निवड करतां येत असेल तर पातळ सालीची दालचिनी घ्यावी.

दालचिनीचा आणखी एक गुण येथें सांगितला पाहिजे. तिच्यांतील सिनॅमाल्डिहाइड हें तेल सूक्ष्म जीवांची वाढ रोखतें. यीस्टहि सूक्ष्म जीवच असल्यामुळें पिठांतच पुष्कळ दालचिनी मिसळली तर पीठ नीट फुगत नाहीं. म्हणून ती सारणांत घालावयाची. पिठांत तिला जागा नाहीं. जुन्या पाककृतींतील 'असेंच करावें' ह्या आज्ञेमागें पुष्कळदां असें एखादें कारण दडलेलें असतें.

साहित्य

पिठासाठीं : मैदा ४५० ग्रॅम, दूध २४० मिलिलिटर, अंडें १, मऊ लोणी ५० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ १ लहान चमचा, बारीक कोरडें यीस्ट ७ ग्रॅम. अंडें वर्ज्य असल्यास त्याच्याऐवजीं तीन मोठे चमचे दूध अधिक घ्यावें.

सारणासाठीं : मऊ लोणी ६० ग्रॅम, तांबूस साखर किंवा बारीक किसलेला गूळ १२० ग्रॅम, दालचिनीची पूड २ मोठे चमचे.

लेपासाठीं : पिठीसाखर १०० ग्रॅम, दूध एक ते दीड मोठा चमचा.

एवढ्यांत बारा वळकट्या होतात. मैदा वाटीनें न मोजतां तराजूनें तोलावा. वाटी दाबून भरली आणि सैल भरली ह्यांत पुष्कळ अंतर पडतें.

कृति

प्रथम यंत्राचें भांडें बाहेर काढून पातें नीट बसलें आहे कीं नाहीं हें पाहावें. नंतर भांड्यांत दूध, फेंटलेलें अंडें व लोणी घालावें. त्यावर सर्व मैदा पसरावा. एका कोपऱ्यांत मीठ व दुसऱ्यांत साखर ठेवून मैद्याच्या मधोमध लहानसा खळगा करावा व त्यांत यीस्ट घालावें. मीठ आणि यीस्ट आरंभींच एकत्र येऊं नयेत, हा ह्या मांडणीचा हेतु. कांहीं यंत्रांत हा क्रम उलटा सांगितलेला असतो; तेथें यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेचें ऐकावें. यंत्र कांहीं तासांनंतर आपोआप सुरू व्हावें अशी कळहि असते. परंतु दूध व अंडें घातलेलें असतां ती वापरूं नये, कारण आपल्या हवेंत तीं तेवढ्या वेळांत नासण्याचा संभव असतो.

कळ दाबल्यावर पुष्कळ लोक दुसऱ्या कामास निघून जातात. सर्वांत मोठी चूक ती हीच. पांच ते सात मिनिटांनीं झांकण उघडून आंत पाहावें. पिठाचा एक गुळगुळीत गोळा होऊन तो भांड्याच्या कडांपासून सुटला असेल तर सर्व ठीक आहे. पीठ तळास चिकटून राहिलें असेल तर मैदा चमचा-चमचा घालावा. गोळा फुटून त्याचे कोरडे तुकडे पडत असतील, किंवा यंत्र धडधडत असेल, तर दूध चमचा-चमचा घालावें. तयार पिठास बोट लावून पाहिलें असतां तें कानाच्या पाळीइतकें मऊ लागावें. ही परीक्षा बोटांसच करतां येते. तिची कळ कोणत्याहि यंत्रावर नाहीं.

पीठ फुगून दुप्पट झालें म्हणजे ओट्यावर अगदीं थोडा मैदा भुरभुरून तें काढावें, हलकेच दाबून आंतला वायु घालवावा आणि दहा मिनिटें झांकून ठेवावें. ह्या विसाव्यानें ग्लुटेनचा ताठा जातो. एरव्हीं लाटलेली पोळी पुन्हा आंखडते. नंतर लाटण्यानें ४० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद अशी चौकोनी पोळी लाटावी. तीवर लोणी पसरावें. लोणी मऊ असावें, वितळलेलें नसावें. वितळलेलें लोणी वाहून जातें आणि साखरहि आपणाबरोबर नेतें. वरून साखर व दालचिनी सारखी पसरून लांबीच्या एका कडेस दोन बोटें जागा कोरी ठेवावी. मग समोरच्या लांब कडेपासून अंथरुणाच्या वळकटीसारखी गुंडाळी करीत यावें. फार आवळूं नये. भाजतांना मधला भाग वर येऊन निघूं पाहतो. कोरी कड पाण्याच्या हातानें चिकटवावी.

कापण्यासाठीं सुरीपेक्षां मजबूत दोरा बरा. दोरा गुंडाळीखालीं सरकवून त्याचीं दोन्ही टोकें वर आणावीं, एकमेकांवरून ओलांडून ओढावीं. काप स्वच्छ निघतो व दबत नाहीं. असे बारा काप करून, तूप लावलेल्या सुमारें ३३ सेंटिमीटर लांब व २३ सेंटिमीटर रुंद ताटांत थोडें थोडें अंतर सोडून मांडावे. ओलसर फडक्यानें झांकून तीस ते पंचेचाळीस मिनिटें ठेवावे. ते फुगून एकमेकांस टेकूं लागले म्हणजे १८० अंशांवर आधीं तापविलेल्या ओव्हनमध्यें बावीस ते पंचवीस मिनिटें भाजावे. वरचा भाग सोनेरी झाला म्हणजे काढावें. ऊन असतांनाच पिठीसाखर व दूध कालवून केलेला लेप वर ओतावा.

येथें कोणी विचारील कीं यंत्रांत भाजण्याचीहि सोय आहे, तर ओव्हन कशासाठीं? उत्तर असें कीं यंत्राचें भांडें अरुंद व खोल असतें. त्यांत एक अखंड पाव भाजतो, बारा वळकट्या शेजारीं शेजारीं मावत नाहींत.

ज्या घरांत सकाळीं वेळ नसतो तेथें आदल्या रात्रीं काप मांडून, झांकून, शीतकपाटांत ठेवावे. थंडींत यीस्ट मरत नाहीं, केवळ मंदावतें. सकाळीं ताट बाहेर काढून काप पुरते फुगेपर्यंत थांबावें व मग भाजावे.

यंत्र नसेल तर

हें यंत्र प्रत्येक घरीं असेल असें नाहीं, आणि केवळ ह्या पदार्थासाठीं तें विकत घ्यावें असें सुचविण्याचा हेतुहि नाहीं. वरील साहित्य परातींत घेऊन हातानें मळावें. आरंभीं तें चिकट लागेल. म्हणून घाईनें मैदा वाढवूं नये. तळहातानें पुढें ढकलावें, ताणावें, घडी घालावी व वळवावें, असें बारा ते पंधरा मिनिटें करावें. ओसाक्याचा तो पाववाला जें हातांनीं करीत होता तें हेंच. पिठाचा लहान तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनीं ताणला असतां तो न फाटतां पातळ पडद्यासारखा होऊन त्यांतून उजेड दिसूं लागला, कीं ग्लुटेनचें जाळें तयार झालें असें समजावें. नंतर तूप लावलेल्या भांड्यांत झांकून तासभर ठेवावें. आपल्याकडील हवा बहुतेक महिने यीस्टला अनुकूलच असते; थंडींत मात्र वेळ अधिक लागेल. घरांतील मुलांनीं पाळीपाळीनें मळल्यास आईचे हात दुखणार नाहींत आणि मुलांस एक विद्या येईल.

दोष व त्यांचीं कारणें

वळकट्या दगडासारख्या झाल्या तर बहुधा यीस्ट जुनें होतें किंवा दूध फार ऊन होतें. शंका असल्यास कोमट दुधांत चिमूटभर साखर व यीस्ट घालून दहा मिनिटें ठेवून पाहावें. फेंस आला तर तें जिवंत आहे. त्या कोरड्या झाल्या तर मैदा अधिक पडला किंवा त्या अधिक वेळ भाजल्या गेल्या. मधला भाग कच्चा राहिला तर ओव्हन नीट तापला नव्हता, किंवा काप फार दाटीनें मांडले होते. सारण खालीं वाहून करपलें तर लोणी पातळ होतें. ह्यांतील एकहि दोष यंत्राच्या माथीं मारतां येण्याजोगा नाहीं, हें लक्षांत येईल.

यंत्रामुळें घरांतील श्रम वांचतात, आणि ते वांचावेतच. ज्या घरांत आईच सारें मळते, लाटते व भाजते, त्या घरांत अर्ध्या तासाचें मळणें कमी झालें तर ती क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु श्रम वांचणें निराळें आणि समज वांचणें निराळें. पीठ ओलें आहे कीं कोरडें, आज हवा उष्ण आहे कीं थंड, फुगणें पुरें झालें कीं नाहीं, हे प्रश्न यंत्र विचारीत नाहीं. ते आपणच विचारावयाचे असतात. विद्यार्थिमित्रांनो, सुट्टींत हा प्रयोग वडील माणसांच्या देखरेखीखालीं एकदां तरी करून पाहा. यंत्र असल्यास झांकण उघडून आंत पाहण्यास विसरूं नका. आणि एकदां तरी तेंच पीठ हातानें मळा. म्हणजे यंत्र आपल्यासाठीं काय करीत होतें तें तुमच्या हातांस कळेल.